इटलीची सहल : मोटार की रेल्वे?



बचतीवरच्या भाषणात आज परदेशातली सहल कशी काय आली, असे तुम्हाला वाटेल. पण अनेक घरांत वर्षानुवर्षे जमवलेली रक्कम ज्या आठ-दहा दिवसांत खर्च होते, ते दिवस सहलीचेच असतात. एफडीचे व्याज अर्ध्या टक्क्याने कुठे जास्त मिळते हे आपण चार बँकांत जाऊन विचारतो आणि सहलीचे लाखभर रुपये मात्र एका संध्याकाळी, मोबाइलवर बोट ठेवून खर्च करतो. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ.

समजा, इंदूरच्या एका जोडप्याला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला इटली पाहायची आहे. हातात सात रात्री आहेत. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन शहरे ठरली आहेत. अंदाजे खर्च चार लाख रुपये. त्यांच्यापुढे तीन प्रश्न आहेत : पैसे कुठून आणायचे, तिथे फिरायचे कसे आणि वाटेत पैसा कुठे गळतो.

पहिला प्रश्न पैशांचा. हे चार लाख वैयक्तिक कर्जाने, वार्षिक 14 टक्के दराने, तीन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे 13,670 रुपये बसतो. तीन वर्षांत सुमारे 4 लाख 92 हजार रुपये फेडावे लागतात. म्हणजे सहल सात रात्रींची आणि हप्ते छत्तीस. तेच जोडपे आधी तीन वर्षे दरमहा 10,000 रुपये आवर्ती ठेवीत टाकत गेले, तर मुद्दलच 3 लाख 60 हजार होते, व्याज वेगळे. वाट दोन्हीकडे तीन वर्षांचीच आहे. एकीकडे व्याज भरायचे, दुसरीकडे मिळवायचे. आणि एक पथ्य पाळा : आजारपणासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला सहलीसाठी हात लावू नका.

युरोचा भावही लक्षात घ्या. सोयीसाठी एक युरो शंभर रुपये धरू. खर्चातले 3,000 युरो तिथल्या चलनात असतील आणि भाव 105 झाला, तर काही जास्त न घेता 15,000 रुपये वाढतात. म्हणून अंदाजपत्रकात दहा टक्के रक्कम जास्तीची धरा.

आता दुसरा प्रश्न : मोटार की रेल्वे? आपल्याला वाटते, मोटार घेतली की आपण मोकळे. पण या तीन शहरांपुरते पाहिले तर मोटार हे ओझे आहे. व्हेनिसच्या जुन्या शहरात मोटार जातच नाही. ती वेशीवरच्या वाहनतळावर पैसे देऊन उभी करावी लागते. रोम आणि फ्लॉरेन्सच्या जुन्या भागांत मर्यादित वाहतुकीचे पट्टे आहेत, त्यांना तिथे ‘झेडटीएल’ म्हणतात. परवानगी नसलेली मोटार आत शिरली की कॅमेरा नंबर टिपतो. त्याबद्दल दंड होतो. भाड्याच्या मोटारीची कंपनी तुमचे नाव-पत्ता कळवण्याचे शुल्क कार्डावरून वेगळे कापते. परदेशात राहणाऱ्याला दंडाची नोटीस पाठवायला तिथल्या कायद्याने 360 दिवसांची मुदत आहे. म्हणजे सहलीचे फोटो जुने झाले तरी बिल येऊ शकते.

मोटारीच्या भाड्यात दिसत नसलेला खर्च कागदावर मांडा : पेट्रोल, महामार्गाचा टोल, पार्किंग, वाढीव विमा, क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवलेली अनामत आणि एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे शुल्क. शिवाय आपल्या वाहन परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो भारतातूनच काढून न्यावा लागतो.

रेल्वेचे पाहा. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने सुमारे दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सुमारे सव्वादोन तास. स्टेशने शहराच्या मध्यात आहेत. व्हेनिसला उतरताना ‘सांता लुचिया’ स्टेशनचेच तिकीट घ्या. आधीचे ‘मेस्त्रे’ स्टेशन मुख्य भूमीवर आहे. ‘त्रेनइतालिया’ आणि ‘इतालो’ या दोन कंपन्यांच्या वेगवान गाड्या एकाच मार्गावर धावतात, त्यामुळे दोन्हीकडचे भाव पाहावेत. या तिकिटांचा भाव विमानासारखा असतो : आधी स्वस्त, मग महाग. मात्र सर्वांत स्वस्त तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. पीसा, लुक्का अशा जवळच्या गावांना जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांचे भाडे अंतरावर ठरलेले असते, तिथे आधी घेण्याने काही वाचत नाही. तिकीट कागदी असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो.

मग मोटार कधीच नको का? तसे नाही. तुम्ही चौघे असाल आणि तोस्कानामधली किआंतीसारखी खेडी पाहायची असतील, जिथे रेल्वे पोचत नाही, तर एक-दोन दिवसांपुरती मोटार परवडते. फ्लॉरेन्सहून घ्या, तिथेच परत करा आणि शहरांमधला प्रवास रेल्वेनेच करा.

विमानाचे तिकीटही रोमला उतरून व्हेनिसहून परतीचे पाहा. ते थोडे महाग दिसले तरी रोमला परतण्याचे भाडे आणि एक दिवस वाचतो. तोही जमेला धरून तुलना करा.

तिसरा प्रश्न गळतीचा. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. प्रौढांचे शुल्क 90 युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. किमान 30,000 युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी रद्द करता येणारे हॉटेल, मग व्हिसा, आणि व्हिसा हातात आल्यावरच परत न मिळणारी रेल्वे तिकिटे. व्हिसा लवकर काढला तर स्वस्त तिकिटेही हाती लागतात.

हॉटेलच्या भाड्याखेरीज दरडोई, दर रात्रीचा शहर कर असतो, तो बहुधा तिथेच भरावा लागतो. उपाहारगृहाच्या बिलात ‘कोपेर्तो’ नावाचे बसण्याचे शुल्क असू शकते. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत, बाटली घरून न्या.

कार्डाचे दर निघण्यापूर्वी बँकेत विचारा. परकीय चलनाचे शुल्क साडेतीन टक्के असेल तर 1,000 युरोमागे 3,500 रुपये जातात, वर जीएसटी. दुकानातले यंत्र ‘रुपयांत भरायचे की युरोत’ असे विचारील. रुपये ओळखीचे म्हणून आपण तेच निवडतो आणि दुकानदाराच्या यंत्राने ठरवलेला, बहुधा महाग दर पदरात पडतो. नेहमी युरो निवडा.

भारतातल्या कंपनीकडून संपूर्ण सहल घेतलीत तर किमतीवर टीसीएस वसूल होतो. हा खर्च नव्हे, तुमच्या नावे जमा झालेला कर आहे. प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत तो दिसतो का पाहा आणि विवरणपत्र भरताना वळता करून किंवा परत मागून घ्या. तोवर तेवढी रक्कम अडकते, याची तरतूद ठेवा.

मंडळी, आज घरी गेल्यावर एका वहीच्या पानावर तीन रकाने आखा : निघण्यापूर्वीचा खर्च, तिथला खर्च आणि परतल्यावर येऊ शकणारा खर्च. तिसरा रकाना जितका रिकामा, तितकी सहल चांगली आखलेली. परतल्यावर आठवणी राहाव्यात, हप्ते राहू नयेत.