मुलांचे लक्ष आणि त्याचा बाजार

(मोहाडी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मूल मोबाइलच्या आहारी गेले की आपण त्याला, नाहीतर त्याच्या आईबापांना दोष देऊन मोकळे होतो. परंतु या प्रश्नाला एक आर्थिक बाजू आहे. माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले. आज हे दुर्मिळ लक्ष बाजारातला माल झाले आहे. फुकट दिसणारी चित्रफीत फुकट नसते. मूल जितका वेळ पडद्याला खिळून राहील, तितके जाहिरातींचे उत्पन्न वाढते. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि मोबाइल हाच वर्ग झाला. पुढे शाळा उघडल्या. मोबाइल मात्र हातून सुटला नाही.

मोबाइल पाहणारे प्रत्येक मूल आजारी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात मोबाइल व संगणकावरील खेळांच्या अनावर नादाला विकार मानले. मात्र झोप, अभ्यास, मैत्री यांची हानी होऊनही खेळ आवरत नाही, अशी स्थिती साधारणतः वर्षभर टिकली पाहिजे. शिवाय कित्येकदा एकटे, खिन्न मूलच पडद्याआड आसरा शोधते. त्याच्या हातून मोबाइल हिसकावल्याने खिन्नता जात नाही.

महाराष्ट्रातील दोन गावांनी यावर उपाय योजले. यवतमाळ जिल्ह्यातील बान्शी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी केली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून सायंकाळी सातला भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत मोबाइल व दूरदर्शन संच बंद ठेवायचे. मुलांनी अभ्यास करायचा, थोरांनी वाचन वा गप्पा. पहिल्या गावाने मुलांवर नियम घातला, दुसऱ्याने थोरांनाही त्यात बांधून घेतले. हा फरक मोलाचा आहे.

मोहाडी तालुक्यात रोवणीच्या दिवसांत आई बांधीत असते, बाप कामासाठी बाहेरगावी. मग मुलाची राखण मोबाइल करतो. तेथे नुसता उपदेश निरुपयोगी आहे. सायंकाळी उघडे वाचनालय, खेळायला मैदान आणि शाळेत मुलांचे ऐकून घेणारा जाणता माणूस, या मागण्या ग्रामसभेत मांडल्या पाहिजेत. प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात आहे. तेथे जायचे तर मजुराची दिवसाची रोजी बुडते. म्हणून २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरोघरी पोचवावा.

बाजाराने मुलांची संध्याकाळ घेतली आहे. ती परत मिळवणे एकेकट्या घराच्या आवाक्यातले नाही. ते गावाचे काम आहे.