रिकामी चढाई

कर्जतहून खोपोलीस जाणारी आणि बोरघाट चढून पुण्याकडे जाणारी, अशा रेल्वेच्या दोन वाटा पळसदरीपाशीं फुटतात. भातकापणी उरकली, कीं या भागांतील मोकळ्या शेतांत फक्की टाकून कबड्डीचीं पटांगणें आंखलीं जातात आणि सायंकाळीं भोंवतीं गांव गोळा होतो. पुढें कर्जत-खोपोलीच्या महाविद्यालयांतून खेळणारे तरुण याच मातींत तयार होतात. बळ, दम आणि चापल्य यांत ते कोणास हार जाणार नाहींत. त्यांच्या संघांत उणें पडतें तें निराळेंच. कोणत्या वेळीं कोणास चढाईस धाडावें, याचा हिशेब कोणी मांडीतच नाहीं.

प्रेक्षकांस गुण घेऊन येणारा गडी आवडतो. रिकाम्या हातानें परतणाऱ्याची ते हुर्यो उडवितात. त्या हुर्योच्या भयानें कित्येक चांगले गडी नको तेथें झेप घेतात आणि कोपऱ्यावरील रक्षकाच्या हातीं घोटा देऊन बसतात. वस्तुतः सामना ४० मिनिटांचा आणि चढाई ३० सेकंदांची. उभय पक्षांनीं पुरा वेळ घेतला, तर प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें ४० चढाया येतात. त्यांतील प्रत्येक चढाई गुणाचीच असावी, ही अपेक्षा सात जणांपुढें एकट्यानें जाणाऱ्याकडून कशी करावी? मध्यरेषेपासून ३.७५ मीटरांवरील निदानरेषा ओलांडून सुखरूप परतणें, ही देखील एक विद्या आहे. त्या फेरींत डावा कोपरा किती पुढें येतो, साखळी केव्हां सुटते, कोणाचें लक्ष ढळतें, हें सर्व पाहून घेतां येतें.

अर्थात् रिकामेपणास नियमानें मर्यादा घातली आहे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरींत गुण मिळविलाच पाहिजे. न मिळाल्यास चढाई करणारा बाद होतो आणि प्रतिपक्षास एक गुण मिळतो. हीच ती ‘करो या मरो’ची चढाई. महाविद्यालयीन संघांचें खरें पारडें येथें कळतें. पुष्कळदां असें होतें, कीं पहिल्या दोन रिकाम्या चढाया नामांकित गडी करून येतात आणि तिसरीस संघांतील सर्वांत धाकट्यास पुढें ढकललें जातें. मुख्य गडी वांचावा, हा त्यांतील हेतु. युक्ति वरवर शहाणपणाची वाटते. परंतु ज्यानें कर्ज काढलें नाहीं त्यानेंच तें फेडावें, असा हा न्याय आहे. तो पोर बाद होतो, प्रतिपक्षाचा गुण वाढतो, बाहेर बसलेला त्यांचा एक गडी उठतो, आणि पोराचा धीर खचतो तो वेगळाच.

गडी उठण्याचा हिशेबही असाच दुर्लक्षित राहतो. प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला, कीं आपला एक गडी उठतो. परंतु जो प्रथम बाद झाला तो प्रथम उठतो. समजा, मुख्य चढाईपटू तिसरा बाद झाला. त्याच्या आधींचे दोघे अद्यापि बाहेरच असतील, तर त्यास परत आणण्यासाठीं तीन गडी टिपावे लागतात. ते टिपणार कोण? ज्यांस सबंध मोसमांत चढाईचा सराव दिलाच नाहीं, तेच! एकाच गड्याच्या जिवावर उभा असलेला संघ अशा वेळीं दहा मिनिटांत कोसळतो.

समोर सहा किंवा सात रक्षक असतां बोनस रेषेवर पाय टाकून गुण मिळविणारा चपळ गडी हवा. (शेतांतील पटांगणावर ती रेषा उत्तरार्धापर्यंत पुसून गेलेली असते आणि पाय पडला कीं नाहीं यावर भांडणें होतात, तो भाग वेगळा.) समोर तीनच उरले, कीं प्रेक्षक लोणासाठीं ओरडूं लागतात. लोणाचे दोन जादा गुण मोहांत पाडणारे खरेच. परंतु तिघांनीं वा त्याहून कमी रक्षकांनीं पकड साधली, तर ती अव्वल पकड ठरून त्यांस दोन गुण मिळतात. अशा प्रसंगीं थंड डोक्याचा, लांब हाताचा गडी धाडावा. गर्दीच्या आवाजानें पेटलेल्यास मागें ठेवावें.

मोठ्या संघांसही ही चूक सुटलेली नाहीं. १९९० पासून २०१४ पर्यंतच्या सातही आशियाई स्पर्धांत पुरुषांचें सुवर्णपदक भारतानेंच जिंकलें होतें. ऑगस्ट २०१८ मध्यें जकार्ता येथें उपांत्य सामन्यांत इराणनें भारतास २७-१८ असें हरविलें. अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी असे गाजलेले चढाईपटू त्या संघांत होते. तरीही चढाया आणि पकडी मिळून भारताचे गुण अवघे १८! इराणी रक्षकांनीं वाट पाहिली आणि भारतीय गडी त्यांच्या वाटेस गेले. २०२३ मध्यें हांगचौ येथें भारतानें इराणला ३३-२९ असें नमवून तें पदक परत मिळविलें.

महाविद्यालयाच्या कर्णधारास याहून मोठी साधनें नकोत. तीन चढाया हा एकच डाव समजावा: पहिलींत डावी बाजू चाचपावी, दुसरींत उजवी, आणि तिसरीस त्या दोहोंपैकीं ज्यानें फट पाहिली त्यालाच धाडावें. धाकट्यास चढाई द्यावयाची, तर ती पहिली द्यावी. रिकामी आली तरी चालेल.