आपल्या पाण्याच्या मापाचे अंगण

(धर्मापुरी येथे ग्रामस्थांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरामुळे आणि किल्ल्यामुळे धर्मापुरीचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. अशा गावात आलेल्या वक्त्याने मंदिरस्थापत्यावर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. मी मात्र आज आपल्या उंबरठ्याबाहेरच्या दहा-वीस फुटांविषयी, म्हणजे अंगणाविषयी बोलणार आहे. विषय लहान वाटेल, परंतु त्यात पाण्याचा प्रश्न आहे आणि घरातील माउलीच्या कष्टांचाही आहे.

आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. काही घरांतील मुले पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेली आहेत. मागे राहतात ती वृद्ध माणसे. सहा महिने ज्या अंगणाची निगा एकट्या आजीला राखावी लागते, ते अंगण कसे असावे? हा खरा प्रश्न आहे.

दोन चुका

या प्रश्नाची दोन चुकीची उत्तरे मी स्वतःच्या घरी देऊन पाहिली आहेत. शहरातील बंगल्यांपुढे पाहिलेल्या हिरवळीचा मोह पडला आणि मीही ती लावली. २०१२ सालचा पावसाळा कोरडा गेला. पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहायची आणि गवताला नळी धरायची, हे मनाला पटेना. हिरवळ जळून गेली.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. संपूर्ण अंगणावर सिमेंटचा कोबा घातला. झाडलोट सोपी झाली, चिखल संपला. सर्वांनी कौतुक केले. पहिल्याच वैशाखात मात्र कोबा रात्री उशिरापर्यंत तापलेला राहू लागला. माझी आई वर्षानुवर्षे संध्याकाळी अंगणात बाज टाकून बसत असे. तिने बाज आत घेतली. येणारे-जाणारे तिच्याशी दोन शब्द बोलत, तेही थांबले. देखभाल वाचवण्याच्या नादात मी आईचे अंगणच काढून घेतले होते. पुढे कोबा फोडला, पण तोवर आई फार बाहेर येईनाशी झाली होती. ही खंत माझ्या मनात कायमची आहे, म्हणूनच हा विषय मी आग्रहाने मांडतो.

हिशेब पाण्याचा

कोणतेही अंगण आखण्यापूर्वी हिशेब करावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर पाणी धरले, तरी रोज शंभर लिटरांहून अधिक लागते. महिन्याला तीन हजार लिटर! शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही.

आता दुसरी बाजू पाहा. पाचशे चौरस फूट पत्र्यावर एक इंचाची सर पडली, तर अकराशे लिटरहून अधिक पाणी पन्हाळीतून खाली येते. कोबा केलेल्या अंगणातून ते रस्त्यावर वाहून जाते. मोकळ्या अंगणात ते जमिनीत मुरू शकते.

अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने १९८१ साली कमी पाण्याच्या बागेसाठी 'झेरिस्केप' हा शब्द प्रचारात आणला. माती ओळखा, पाण्याच्या गरजेनुसार झाडे निवडा, जमीन आच्छादित ठेवा, हिरवळ गरजेपुरतीच ठेवा, ही त्यातील काही सूत्रे. आपल्या जुन्या अंगणांत यांतील बरेच काही होते. परंतु एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ते अंगण रोजच्या शेणसड्यावर आणि डोक्यावरून आणलेल्या पाण्यावर उभे होते, आणि तो भार घरातील स्त्रीच वाहत होती. जुन्याचा गौरव करताना तिची वाकलेली पाठ विसरून चालणार नाही. म्हणून जुन्यातील शहाणपण घ्यायचे आणि त्यातील कष्ट कमी करायचे, अशी आखणी हवी.

आखणी कशी करावी?

प्रथम जमीन. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसून भेगाळते. तिच्यावर थेट फरशी घातली, तर ती दोन-तीन वर्षांत उचलते. म्हणून चालण्या-बसण्याच्या जागेची फूटभर काळी माती काढून तेथे मुरूम भरावा. तो एकदम न भरता थराथराने भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकावा. घराच्या जोत्यापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटाला दोन-अडीच इंच उतार ठेवावा. पावसाचे पाणी जोत्याशी साचू देऊ नये.

दुसरी गोष्ट वाटेची. फाटकापासून दारापर्यंत तीन-चार फूट रुंदीची शहाबादी फरशी पुरेशी आहे. ती वाळूवर बसवावी आणि सांधे सिमेंटने बुजवू नयेत, म्हणजे पाणी मुरते. दारापुढची एक फरशी रांगोळीसाठी राखावी. सडा-रांगोळीची परंपरा चार चौरस फुटांतही तितकीच मंगल असते. त्यासाठी पूर्ण अंगण सारवायची सक्ती घरच्या सुनेवर नको.

तिसरी गोष्ट सावलीची. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते. त्या अंगाला एक कडुलिंब असावा, पण भिंतीपासून किमान पंधरा फूट दूर. जागा तेवढी नसेल, तर पारिजातक, कढीपत्ता किंवा सीताफळ लावावे. बालाघाटच्या डोंगरउतारावर सीताफळ कुणाच्या निगेवाचून वाढते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. शेवगा उपयुक्त खरा, परंतु त्याची फांदी वाऱ्यात सहज मोडते. बाज टाकायच्या जागेवर तो नको. कडेला कोरफड, सदाफुली आणि अबोली पुरेशी. सदाफुलीला शेळीही सहसा तोंड लावत नाही, हा गावातील मोठाच लाभ!

चौथी गोष्ट पाण्याची. झाड मृगाच्या वा आर्द्राच्या पावसावर लावावे. पहिले दोन उन्हाळे त्याला जपावे लागते. रोपापासून हातभर अंतरावर मातीचे मडके तोंडापर्यंत पुरावे, ते भरून वर झाकण ठेवावे. पाणी झिरपत मुळांपर्यंत जाते, उन्हात उडून जात नाही. एका रोपाला आठवड्याला वीस लिटर धरले, तरी दोन रोपांना चाळीस लिटर झाले. हिरवळीला एका दिवसात लागणाऱ्या पाण्यात ही दोन रोपे जवळजवळ तीन आठवडे जगतात. म्हणून घरी एकच वृद्ध माणूस राहणार असेल, तर दोनच रोपे लावावीत. दहा लावून आठ वाळवण्यात कसले वृक्षप्रेम? आणि घराला पूर्ण कुलूप लागणार असेल, तर रोपे शेजाऱ्याच्या होकारावाचून लावूच नयेत.

पाचवी गोष्ट पाचोळ्याची. कडुलिंब माघ-फाल्गुनात पाने गाळतो. तो पाला जाळू नये, बाहेरही टाकू नये. झाडाच्या आळ्यात पसरावा. उसाच्या फडातील पाचटाचे आच्छादन ओल कशी धरते, हे ऊसतोड करणाऱ्या बांधवांना मी सांगावे असे नाही. तेच शास्त्र आपल्या दारी आणायचे आहे. झाडलोट त्यामुळे निम्म्याने कमी होते.

निगा कमी, नाते नव्हे

आता कुणी विचारेल, तुळशीचे काय? तिला तर रोज पाणी लागते. बंधूंनो, तुळशीला लागणारे तांब्याभर पाणी हा देखभालीचा भार नाही. सकाळी आजी तांब्या घेऊन बाहेर येते, दोन पावले चालते, शेजारणीशी बोलते. कुणी चौकशी करणारे आहे, हे तिला कळते, आणि आजीची तब्येत ठीक आहे, हे शेजाऱ्यांना कळते. म्हणून बाकीची सर्व निगा कमी करावी, पण ही एक राखावी. वृंदावन उंबरठ्यापासून जवळ, फरशीच्या वाटेलगत बांधावे, म्हणजे पावसाळ्यात वृद्धांचा पाय घसरणार नाही.

माझी आपणा सर्वांना एकच विनंती आहे. या पावसाळ्यापूर्वी एक दोरी घेऊन आपले अंगण मोजा. घरात उन्हाळ्यात पाणी किती असते आणि ते घालणारे हात कुणाचे असतात, हे दोन आकडे कागदावर मांडा. त्या आकड्यांत बसेल तेवढेच लावा, उरलेली जमीन मोकळी सोडा. आणि आखणी करताना घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला प्रथम विचारा, तुमची बाज कुठे टाकू? बाजेची जागा ठरली, की झाडाची जागा आपोआप ठरेल.