वाचणाऱ्यासकट दप्तर



जुन्या संगणकाची नव्या संगणकात नक्कल करणे हा विषय अभियंत्यांच्या बैठकीत शोभेल. वसंत ऋतूतल्या या व्याख्यानमालेत तो कशाला, अशी शंका पुष्कळांच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. तिचे उत्तर मी आपल्याच गावातल्या एका जागेकडे बोट दाखवून देतो.

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे दप्तर आहे. कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे. तरीही या मंडपात बसलेल्या बहुतेकांपुढे त्यातला एखादा कागद ठेवला, तर त्यांना त्यातली एक ओळही लागणार नाही. कारण लिपी मोडी आहे. आपल्या पणजोबांना ती सहज येत होती. शाळेतून आणि कचेरीतून ती गेली आणि दोन पिढ्यांत कागद मुका झाला. कागद हरवला नाही, त्याचा वाचणारा हरवला. आज मोडीचे वर्ग काढून, मोजक्या जाणकारांच्या हातापाया पडून, आपण तो वाचणारा पुन्हा घडवीत आहोत.

मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, संगणकातल्या दप्तराची तीच गत होऊ लागली आहे. आणि मोडीला दोन पिढ्या लागल्या, तर येथे पंधरा वर्षे पुरतात.

उदाहरण आपल्या छापखान्यांचेच घ्या. खिळे जुळवण्याचे काम गेले आणि संगणकावर मराठी अक्षरजुळणी सुरू झाली. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली आणि भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोठे काम तेथे झाले. भारतीय लिप्यांसाठी एकच सामायिक संकेत असावा म्हणून 'इस्की' हे मानक १९९१ साली ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला जागा मिळाली. म्हणजे कायदा झाला होता. पण बाजारात व्यवहार निराळाच चालला. छपाईसाठी निघालेल्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांची घरे घेतली आणि त्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे आपापल्या मर्जीने बसवले. एका कंपनीच्या फॉन्टात 'क' जेथे, तेथे दुसरीच्या फॉन्टात एखादी वेलांटी.

याचा परिणाम काय? १९९८ साली जुळवलेली एखाद्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध, एखाद्या तालमीचा इतिहास आज नव्या संगणकावर उघडला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. मजकूर जागेवर आहे. पण त्याला तोच फॉन्ट हवा, तेच टंकनाचे सॉफ्टवेअर हवे, पाने लावणारा तोच पेजमेकर हवा. त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. आणि या सर्वांच्या खाली तीच जुनी विंडोज हवी. ही साखळी आहे. तिची एक कडी निखळली की मजकूर मोडीत जातो; आणि येथे 'मोडीत' हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्यावा.

मग उपाय कोणता? साखळी तोडून एकेक कडी नव्या यंत्रावर नेण्याचा प्रयत्न पुष्कळ जण करतात. फायली पेनड्राइव्हवर घेतात आणि काम झाले असे समजतात. पण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे नुसता फायलींचा गठ्ठा नव्हे. ती यंत्राचा कारभारी असते. कोणता फॉन्ट कोठे आहे, कोणत्या प्रोग्रॅमला परवानगी आहे, छपाई कोठून करावयाची, याच्या हजारो नोंदी तिने आपल्यापाशी ठेवलेल्या असतात. कारभाऱ्याला मागे ठेवून नुसत्या वह्या नेल्या, तर नव्या घरी त्या वह्यांचा अर्थ कोण सांगणार? म्हणून वह्या न्यावयाच्या त्या कारभाऱ्यासकट. संपूर्ण संगणकच्या संपूर्ण संगणक उचलावयाचा आणि नव्या संगणकाच्या पोटात ठेवावयाचा. याला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र म्हणतात.

'आभासी' या शब्दाने बिचकू नका. कोल्हापूरकरांना हा आभास नवा नाही. बाबूराव पेंटरांनी याच गावात चित्रपट काढले आणि रंगवलेल्या पडद्यांऐवजी भरीव देखावे उभे केले. नटाला पुढे खांब दिसतो, दार दिसते, सिंहासन दिसते. तो त्यांच्याशी खऱ्या वाड्यासारखाच वागतो. खांब लाकडी फळ्यांचा आहे, याची त्याला फिकीर नसते. आभासी यंत्रातही हेच घडते. नव्या संगणकातला एक प्रोग्रॅम जुन्या विंडोजभोवती असा देखावा उभा करतो. जुनी विंडोज म्हणते, "मला हार्डडिस्क द्या." हा प्रोग्रॅम नव्या डिस्कवरची एक मोठी फाइल तिच्यापुढे धरतो आणि सांगतो, "ही घ्या." ती पडदा मागते, तर तिला नव्या पडद्यावरची एक चौकट मिळते. ती बिचारी समाधानाने आपले काम करीत राहते.

ही कल्पनाही कालची नाही. अमेरिकेतल्या केंब्रिज येथे आयबीएमच्या केंद्रात १९६० नंतरच्या दशकातच एका मोठ्या यंत्राचे अनेक आभासी यंत्रांत विभाजन करून दाखवण्यात आले. प्रत्येक माणसाला वाटावे की अख्खे यंत्र आपल्याच दिमतीला आहे. १९७२ साली आयबीएमने 'व्हीएम/३७०' या नावाने ती सोय गिऱ्हाइकांसाठी जाहीर केली. साध्या टेबलावरच्या संगणकावर ती १९९९ साली व्हीएमवेअर या कंपनीने आणली, आणि २००७ साली निघालेला व्हर्च्युअलबॉक्स ती फुकटातही देऊ लागला.

आता नक्कल करावयाची कशी? हार्डडिस्क म्हणजे ५१२ बाइटांच्या लहान लहान कप्प्यांची ओळ. जुन्या यंत्रातल्या ४० गिगाबाइटच्या डिस्कवर असे जवळजवळ आठ कोटी कप्पे असतात. फायली निवडत न बसता पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत सगळे जसेच्या तसे उतरवून घ्यावयाचे आणि त्यांची एकच फाइल बनवावयाची. जुने यंत्र बंद करून, डिस्क बाहेर काढून, ती दुसऱ्या संगणकाला नुसती वाचण्यापुरती जोडून नक्कल घेणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. विंडोज एक्सपी आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या चालू असतानाही नक्कल घेता येते. त्यासाठी २००९ साली निघालेला 'डिस्कटूव्हीएचडी' नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. मात्र डिस्क म्हातारी झाली असेल, कुरकुरत असेल, तर तिला दोनदा त्रास देऊ नये. पहिल्याच फेरीत नक्कल घ्यावी आणि पुढचे सारे प्रयोग त्या नकलेच्या नकलेवर करावेत.

येथे उद्यमनगरातले लोक मनात म्हणतील, "साचा घेतला, ओतले, झाले." पण ओतकाम इतके सोपे नसते, हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक? बीड थंड होताना शंभराला सुमारे एक या प्रमाणात आकसते. म्हणून पॅटर्न करणारा कारागीर तो मुळातच तेवढा मोठा करतो. हुबेहूब मापाचा पॅटर्न केला, तर वस्तू लहान पडते. संगणकाच्या नकलेतही असाच फरक धरावा लागतो. जुन्या विंडोजला आपल्या जुन्या मदरबोर्डची सवय असते. डिस्क जोडण्याची जुनी पद्धत आयडीई आणि आपण आभासी यंत्रात दिली नवी साटा, तर एक्सपी सुरू होताहोताच निळा पडदा दाखवून थांबते. तिला आपली डिस्कच सापडत नाही. तेव्हा देखावा उभारताना तो जुन्या माणसाला ओळखीचा वाटेल असाच उभारावा लागतो. विंडोज ९५ ची गोष्ट तर गमतीची आहे. तिच्यातला एक भाग यंत्राचा वेग मोजण्यासाठी काही आकडेमोड करतो आणि लागलेल्या वेळाने भागतो. आजचे यंत्र इतके चपळ की तो वेळ शून्य भरतो, आणि शून्याने भागणे कोणाला जमले आहे? यंत्र तेथेच आडवे होते. अतिवेगाने घेरी येणारे म्हातारे आपण घरोघर पाहतो. त्यातलाच हा प्रकार.

काही गोष्टींची नक्कल होतच नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. जुन्या मराठी सॉफ्टवेअरांपैकी कित्येकांना संगणकाच्या मागे लावावयाचे एक कुलूप असे; त्याला डोंगल म्हणतात. ते डिस्कवर नसते, म्हणून डिस्कच्या नकलेत येत नाही. ते यूएसबीचे असेल तर आभासी यंत्रापर्यंत पोचवता येते. प्रिंटरच्या जुन्या रुंद खाचेतले असेल, तर बहुधा अडते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत एखाद्या मोजणीयंत्राचे किंवा सीएनसीचे सॉफ्टवेअर जुन्या संगणकातल्या खास कार्डावर चालत असेल, तर ते कार्डही आभासी यंत्रात बसत नाही. अशा ठिकाणी नक्कल संकटकाळासाठी ठेवावी आणि मूळ यंत्र जिवंत ठेवण्याची वेगळी तजवीज करावी. शिवाय विंडोजच्या परवान्याचा प्रश्न आहे. यंत्राबरोबर विकत मिळालेला परवाना अनेकदा त्या यंत्रापुरताच असतो, आणि यंत्र बदललेले दिसताच एक्सपी पुन्हा नोंदणी मागते. तेव्हा परवाना आधी वाचावा, नक्कल मागून करावी.

आणखी एक सावधगिरी. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. तिच्यात सापडणारी भोके त्यानंतर नियमाने बुजवली जात नाहीत. म्हणून अशा आभासी यंत्राचा इंटरनेटशी संबंध ठेवू नये. त्याला बाहेरच्या जगाची गरजही नसते. आत पीडीएफ करावी आणि बाहेर आणून छापावी. म्हणजे नव्या प्रिंटरसाठी जुने ड्रायव्हर शोधत हिंडण्याची यातायातही वाचते.

नक्कल झाली हे केव्हा म्हणावे? जुने यंत्र पूर्ण बंद करावे, नकलेतून एक पान छापावे आणि तीस वर्षांपूर्वी छापलेल्या पानाशेजारी ठेवून जोडाक्षरागणिक ताडून पाहावे. ते जुळले तर नक्कल. तोवर ती नुसती एक मोठी फाइल.

ती ठेवावी कोठे, हे कोल्हापूरकरांना सांगण्याची गरज पडू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५० फुटांच्याही वर गेले आणि शहराच्या सखल भागातली दुकाने, कचेऱ्या, घरे पाण्याखाली आली. तळमजल्यावरच्या टेबलाखाली ठेवलेल्या संगणकाला पुरात कोण विचारतो? माणसे वाचवावयाची की पेट्या? पण त्या पेटीतले सारे एका फाइलीत आधीच उतरले असेल, तर तिची एक प्रत वरच्या मजल्यावर, एक दुसऱ्या गावी ठेवता येते. अवजड यंत्र पुरातून उचलता येत नाही. त्याची नक्कल खिशात मावते.

परदेशांतल्या ग्रंथालयांनी हे काम मनावर घेतले आहे. मुंबईत जन्मलेले लेखक सलमान रश्दी यांची कागदपत्रे अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने घेतली, तेव्हा त्यांत त्यांचे जुने संगणकही होते. २०१० साली ती कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली, तेव्हा त्यांच्या एका मॅकिंटॉश संगणकाचे संपूर्ण प्रतिरूप तेथे मांडण्यात आले. अभ्यासक त्यासमोर बसतो, आणि लेखकाच्या पडद्यावर फायली जशा होत्या तशाच त्याला दिसतात. मूळ यंत्राला मात्र कोणाचा हात लागत नाही. एका लेखकासाठी एवढे. आमच्या गावात दोन-तीन दशकांचे मराठी लेखन, सहकारी संस्थांचे फॉक्सप्रोमधले हिशेब, शाळांच्या नोंदी अशाच पेट्यांत पडून आहेत, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्या किलोच्या भावाने भंगारात जातात.

तरीही आभासी यंत्र हा शेवटचा मुक्काम मानू नये. ते मोडी जाणणाऱ्या वृद्ध कारकुनासारखे आहे. तो घरात आहे तोवर दप्तराचे बालबोध लिप्यंतर करून घ्यावे, यातच शहाणपणा. आभासी यंत्रात जुना मजकूर उघडावा, त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि शेजारी मूळ पान ठेवून दुरुस्त्या कराव्यात. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत; पण रफार आणि जोडाक्षरे यांत ते चुकतात, आणि ती चूक मूळ पान दिसत असेल तरच सापडते. म्हणून वाचणारा आधी जपावा, मग वाचून घ्यावे.

येथे बसलेल्यांत छापखान्यांचे मालक आहेत, संस्थांचे चिटणीस आहेत, शाळांचे मुख्याध्यापक आहेत. त्यांना माझी विनंती लहान आहे. आपल्या कचेरीच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेली एखादी पेटी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते पाहा. एखाद्या जाणत्या मुलाला हाताशी धरून दोन दिवस खर्च करा आणि तिची नक्कल घ्या. आपल्या पूर्वजांना मोडी जाईल हे ठाऊक नव्हते, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. आपल्याला मात्र हे ठाऊक आहे. पुढच्या पिढीपुढे आपल्याला ती सबब सांगता येणार नाही.