चिंचा, बोरं आणि सहा बाकं

(डिसेंबर २०२३च्या स्नेहमेळाव्यातलं भाषण)



संयोजकांनी मला 'तुझ्या सामाजिक कार्याबद्दल' दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. सामाजिक कार्य म्हटलं की मला आपल्या हॉलमधल्या तसबिरी आठवतात. मी काय करते, तर गटाराच्या झाकणांसाठी पत्रं लिहिते. बँकेतून २०१२ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि महिनाभरात सोसायटीवाल्यांनी 'तुम्हाला आता वेळ आहे' असं म्हणून परिसराच्या नागरिक मंचाचं दप्तर माझ्या हातात ठेवलं. ते अजून माझ्याकडेच आहे. मागायला कोणी येत नाही.

पुण्यात महिन्यातून एकदा क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला समितीची बैठक होते. तिथे पाणी, ड्रेनेज, रस्ता, कचरा, दिवाबत्ती अशा खात्यांचे लोक येतात आणि आपण आपली तक्रार मांडायची. पहिली दोन वर्षं मी नुसती भांडून घरी यायचे. मग एका मुकादमांनीच मला शिकवलं. "मॅडम, 'आमच्या गल्लीत अंधार आहे' असं लिहू नका. खांबाचा नंबर लिहा." दिव्याच्या खांबावर नंबर असतो हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. तेव्हापासून पत्रात खांबाचा नंबर, चेंबर कोणत्या दुकानासमोर ते, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. आपल्या गणिताच्या सरांना हे ऐकून बरं वाटेल. पायऱ्या दाखवल्याशिवाय ते मार्क देत नसत, तोच नियम तिथे आहे.

घटनेत ७४वी दुरुस्ती झाली, १९९३ साली अमलात आली, तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या, २००९ साली आपल्या राज्यात कायद्यात क्षेत्रसभा आल्या. हे सगळं मी नंतर वाचलं. कागदावर आपला गल्लीबोळ घटनेत जाऊन बसला आहे. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि मग मात्र प्रशासकांचा कारभार आला. नगरसेवक असताना आपण त्यांना नावं ठेवायचो, मग नावं ठेवायलाही कोणी उरलं नाही. असो, तो विषय चहाच्या वेळेला.

आज मी जे सांगणार आहे ते झाकणांचं नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीचं आहे, आणि ते इथे सांगण्याला कारण आहे.

पुणे महापालिकेने २००६ साली एक चांगली प्रथा सुरू केली. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आपल्या भागात कोणतं छोटं काम हवं, ते नागरिकांनी अर्जावर लिहून द्यायचं. एका कामाला पाच लाखांची मर्यादा. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात जातो, इंजिनिअर जागा बघून खर्चाचा अंदाज काढतात, प्रभाग समितीपुढे तो येतो आणि मंजूर झाला तर अंदाजपत्रकात त्या कामाची एक ओळ पडते. आपण लिहिलेली ओळ महापालिकेच्या अंदाजपत्रकात छापून आलेली बघण्याचा आनंद काय असतो, ते मी सांगू शकत नाही. शाळेच्या हस्तलिखितात नाव आलं होतं तेव्हा झाला होता, तेवढाच.

आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून चांगला रुंद फूटपाथ आहे. त्यावर तेव्हा चौघं बसायची. एक भाजीवाली, एक गजरेवाली, चपला शिवणारे एक काका आणि किल्ल्या करून देणारा एक मुलगा. सोसायटीच्या सभेत दर वेळी हाच विषय. भाजीचा पाला पडतो, गिऱ्हाइकं स्कूटर आडव्या लावतात, फाटकातून गाडी काढता येत नाही. तक्रारी खोट्या नव्हत्या. अतिक्रमणाची गाडी दोनदा आली, दोन्ही वेळा चौघं तासाभराने परत येऊन बसली. मग सभेत एका हुशार माणसाने तोडगा काढला. "तक्रार करूच नका. बाकं मागा. बाकं आली की बसायला जागाच उरणार नाही."

२०१४च्या पावसाळ्यात तो अर्ज मी लिहिला. आपल्या मराठीच्या बाईंनी घोटून घेतलेल्या अक्षरात लिहिला. 'ज्येष्ठ नागरिकांच्या सोयीसाठी फूटपाथवर सिमेंटची सहा बाके.' त्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. इतकं खरं वाक्य लिहून इतकं खोटं मी पुन्हा कधी वागले नाही.

त्याच वर्षी संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला होता. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की, आधी सगळ्या विक्रेत्यांची गणना करायची आणि ती पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला हटवायचं नाही. शहराच्या समितीत चाळीस टक्के लोक विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश बायका. मी हा कायदा वाचला नव्हता. वाचला असता तरी काय! आम्ही कोणाला हटवलंच नव्हतं. बाकं बसवली होती.

पुढच्या वर्षी बाकं आली. ठेकेदाराने ती भिंतीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून, ओळीने बसवली. चौघांनी काही वाद घातला नाही. भाजीवालीने दोन दिवस बाकांच्या मधल्या फटीत गोणपाट टाकून बघितलं, मग तीही गेली. सोसायटीत पेढे वाटले. माझा सत्कार झाला, शाल अजून कपाटात आहे.

बाकांवर मात्र कोणी ज्येष्ठ नागरिक बसेना. सकाळी नऊपासून पाचपर्यंत तिथे ऊन असतं, हे मागणी करताना आम्ही कोणी बघितलं नव्हतं. दुपारी घरोघर पार्सल पोचवणारी मुलं तेवढी आडवी व्हायची, आणि मग त्यांच्याबद्दल तक्रारी सुरू झाल्या. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. रोज पाचला काठी टेकत खाली यायच्या, मेथीची एक जुडी घ्यायच्या आणि पाऊण तास भाजीवालीशी बोलत उभ्या राहायच्या. त्यांना विचारलं, "आजी, तुमच्यासाठी बाकं केली, तुम्ही येत का नाही?" तर म्हणाल्या, "बाकाशी काय बोलू?"

त्या आजींना एकदा फाटकापाशी चक्कर आली होती. तेव्हा वॉचमन चहाला गेला होता. त्यांना धरून बसवलं, पाणी दिलं आणि वर निरोप धाडला तो त्या भाजीवालीने. हे मला आठवलं, पण शाल घेतल्यानंतर आठवलं.

वर्षभराने मी नाल्याच्या पुलाकडे गेले होते. चेंबरचा फोटो काढायला, दुसरं काय! तिथे ती भाजीवाली बसलेली दिसली. डोक्यावर सावली नाही, समोरून बसचा धूर. शरमेने मी भाजी घ्यायला वाकले. चांगली अर्धा किलो गवार घेतली, जी माझ्या घरात कोणी खात नाही. तिने पिशवीत घालून दिली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही शाळेत माइकवर प्रार्थना सांगायच्या ना?"

मित्रमैत्रिणींनो, ती आपल्या शाळेतली. आपण दहावीत होतो तेव्हा ती सहावीत. आठवीत तिने शाळा सोडली, कारण आई आजारी पडली आणि आईची पाटी तिला उचलावी लागली. आणि आई म्हणजे कोण? सकाळपासून या व्यासपीठावर तीन जणांनी ज्यांची आठवण काढली, आणि प्रत्येक वेळी ज्यांच्या नावाला टाळ्या पडल्या, त्या फाटकाजवळच्या मावशी. चिंचा, बोरं, आवळे, मीठ लावलेली कैरी. पाच पैशांना मूठभर बोरं आणि वर एक 'खाऊन बघ'.

त्या मावशी कुठल्या परवान्यावर बसत होत्या? त्या आपल्या फूटपाथवरच बसायच्या. पावसात शिपाईकाका त्यांना सायकल स्टँडच्या पत्र्याखाली घ्यायचे. त्या 'अतिक्रमण' आहेत असं आपल्यापैकी कोणालाही कधी वाटलं नाही. त्यांच्याच मुलीला मी सिमेंटची बाकं घालून उठवलं. तिने मला ओळखलं होतं, अगदी पहिल्यापासून. मी तिच्याकडून तीन वर्षं भाजी घेतली आणि मला ती दिसली नव्हती. "आधी का बोलली नाहीस?" विचारलं, तर म्हणाली, "काय म्हणून बोलणार?"

बाकं बसवणं जेवढं सोपं तेवढं काढणं नाही, हे मी पुढच्या तीन वर्षांत शिकले. मोहल्ला समितीत विषय मांडला तेव्हा इंजिनिअर साहेब हसले. त्यांचंही खरं होतं. ज्या बाईने अर्ज करून बाकं मागितली, तीच आता काढा म्हणत होती. सोसायटीत तर फार वाईट झालं. एक शेजारीण, जिच्या मुलीच्या लग्नात मी रुखवत मांडलं होतं, ती अजून माझ्याशी बोलत नाही. ती चुकीची आहे असंही मी म्हणणार नाही. तिचे मिस्टर व्हीलचेअरवर आहेत. फूटपाथ त्यांचाही आहे.

मग आम्ही टेप घेऊन फूटपाथ मोजला. मी, वॉचमन, आजींचा नातू आणि ती. रस्त्यांच्या मानकांत पायी चालणाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. ती सोडून भिंतीकडे विक्रेत्याला बसण्यापुरती पट्टी उरत होती, फक्त तिथे बाकं होती. आम्ही खडूने रेघ मारली, फोटो काढले, पत्राला जोडले, आवक क्रमांक घेतला. असं किती वेळा केलं ते विचारू नका. शेवटी २०१९ साली सहापैकी तीन बाकं उचलून बागेत झाडाखाली नेली. तिथे आता खरोखरच ज्येष्ठ नागरिक बसतात. रेघ आम्ही पांढऱ्या ऑइलपेंटने पक्की केली. ती भाजीवालीने स्वतः मारली, कारण ओलांडणार तीच होती. गजरेवालीही परत आली. चपलावाले काका गावी गेले होते, ते तिकडेच वारले असं कळलं. किल्ल्यावाला मुलगा कुठे गेला, ते कोणालाच ठाऊक नाही. नाल्यापासून स्टेशनपर्यंत मी त्याला शोधलं.

आणि तीन बाकांचा हिशेब तिथेच संपला नाही. फेरीवाल्यांची गणना झाली त्या दिवसांत ही बाई जागा शोधत हिंडत होती, म्हणून तिची नोंदच झाली नाही. २०२०मध्ये टाळेबंदीत दोन महिने धंदा बंद. जूनमध्ये केंद्र सरकारची फेरीवाल्यांसाठी कर्जयोजना आली, पहिलं कर्ज दहा हजारांचं. तिच्याकडे प्रमाणपत्र नाही. गणनेतून राहिलेल्यांसाठी शिफारसपत्राची सोय होती, तिच्यासाठी आम्ही कागद गोळा केले. त्या जागी ती पूर्वीपासून बसते हे दाखवायला पुरावा काय द्यायचा? तर सोसायटीच्या जुन्या सभांची इतिवृत्तं. माझ्याच अक्षरातली. 'फूटपाथवरील भाजीवालीचा त्रास, विषय क्रमांक चार.' वर्षानुवर्षं दर सभेत. एवढा पक्का पुरावा दुसरीकडे कुठे मिळाला नसता. कर्ज मंजूर झालं. तिने ताडपत्री, वजनकाटा आणि माल घेतला, आणि हप्ते वेळेवर फेडले. बँकेत इतक्या वर्षांत नसले, पण सगळ्या हप्त्यांकडे माझं लक्ष होतं हे कबूल करते.

माझी दहा मिनिटं संपत आली, अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत. एक विनंती करून थांबते.

या मेळाव्यासाठी आणि स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची जी यादी केली आहे ती दहावीच्या निकालपत्रकांवरून केली आहे. संयोजकांनी फार मेहनत घेतली आहे, दोष देत नाही. त्यांच्या हाती तोच कागद होता. पण जे सातवीत, आठवीत, नववीत गेले त्यांची नावं त्यात येऊच शकत नाहीत. शाळेच्या दाखल्यांच्या रजिस्टरमध्ये ती आहेत. कार्यालयाने रजिस्टर बघायला देऊ केलं आहे. आपल्या प्रत्येकाला एक-दोन तरी आठवत असतील. मागच्या बाकावरचा, डबा न आणणारा, परीक्षेच्या आधी यायचा बंद झालेला. नोंदणीच्या टेबलावर मी एक कोरी वही ठेवली आहे. नाव, साधारण वर्ष, तुकडी आठवत असेल तर ती, आणि माहीत असल्यास सध्याचा ठावठिकाणा, एवढंच लिहा. स्मरणिका छापायला जायला तीन आठवडे आहेत, तोवर रजिस्टरशी पडताळून घेऊ.

तिला मी आज बोलावलं होतं. आज रविवार, भाजीचा धंद्याचा दिवस, म्हणून आली नाही. भाषणात तिचं नाव घेऊ का, असं विचारलं होतं. म्हणाली, "भाषणात नको ताई. यादीत घाला."

वहीत पहिलं नाव मी लिहिलं आहे. वही संध्याकाळी सहापर्यंत टेबलावर आहे, पेन बांधलेलं आहे.