डायकर तिकडचा, पिसोरी इकडची

आफ्रिका म्हटलं की टीव्हीवरचं गवताळ रान आणि त्यावरून उधळलेले कळप आठवतात. पण त्याच खंडात, काँगोच्या गच्च झाडीत, डायकर नावाची, हरणासारखी दिसणारी बुटकी जनावरं राहतात. त्यांची शिंगं पोकळ, आयुष्यभर न झडणारी, मागं झुकलेली. पाठ कमानदार, पुढचे पाय आखूड. झुडपाखालून निसटायला असाच देह लागतो. त्यांतला निळा डायकर तर पाचेक किलोंचा. नर-मादी जोडीनं एक टापू धरतात आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथींचा वास झाडाझुडपांना फासून हद्द आखतात. माकडं वर फळं खाताना बरीच खाली सांडतात, त्यावर यांचं पोट भरतं.

आपल्या कोयना-चांदोलीत डायकर नाही. २०१० साली ही दोन्ही जंगलं मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि तेव्हापासून सगळ्यांचा प्रश्न एकच, वाघ दिसतो का? मला विचाराल तर तिथलं खरं नवल गुडघ्याखाली आहे.

पिसोरी घ्या. उंची वीत-सव्वा वीत, वजन तीनेक किलो, पाय पेन्सिलीसारखे. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, त्यामुळं पाचोळ्यात उभी राहिली की नजर तिच्यावरून घसरून पुढं जाते. शिंगं नाहीत, नराला सुळे असतात. रवंथ करते, पण गाईच्या पोटाचे चार कप्पे, हिचे तीनच. म्हणजे ना हरणांत, ना डायकरांत. फार जुन्या, वेगळ्याच घराण्यातली. तरी काम तेच करते: एकटीनं, रात्री, पडलेली फळं वेचत.

जोडीला भेकर. त्याची शिंगं दरसाल झडतात, म्हणून तो अस्सल हरणांच्या कुळातला. बिबट्याची चाहूल लागली की कुत्र्यासारखा भुंकतो आणि भुंकतच राहतो. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६. भेकराच्या मादीत फक्त ६, नरात ७. सस्तन प्राण्यांत याहून कमी कुणाची नाहीत!

डायकरसारखी न झडणारी शिंगं असलेला छोटा प्राणी आपल्याकडं चौसिंगा. पण त्याला पानगळीचं कोरडं, मोकळं रान आवडतं. त्यामुळं सदाहरित झाडीतली जागा पिसोरी आणि भेकरानं धरली.

तमिळनाडूत मुदुमलाईला अभ्यासकांनी आवळ्याखाली कॅमेरे लावले. चितळ, भेकर आणि पिसोरी, तिघंही फळं खाताना टिपली गेली. रवंथ करताना ही जनावरं बिया थुंकतात, आणि आवळा आईपासून लांब रुजतो. आवळा कुणी लावला, याचं उत्तर कधी कधी असं असतं.

चांदोलीतली जनावरं वाढावीत म्हणून सागरेश्वर अभयारण्यातून चितळं आणून तिथं सोडता आली. पिसोरीचं तसं नाही. तिला कळप नाही, लपायला दाट झाडोरा लागतो. आणि आपण काय करतो? गवत चांगलं फुटावं म्हणून उन्हाळ्यात डोंगरमाथ्याच्या सड्यावर वणवा लावतो. तो उतरून झाडीत शिरतो. गवा, सांबर लांब पळतात. पिसोरीची सवय मात्र धोका दिसला की आधी जागीच थिजायची. बिबट्यापुढं ती कामाला येते, आगीपुढं नाही. त्यातून वाचली, तरी दुसऱ्या दिवशी लपायचा झाडोरा जळालेला असतो, आणि तो पुन्हा दाटायला एक पावसाळा पुरत नाही.