पाऊचमधला फोन आणि रडारला चकवणारं जहाज

आजचा विषय घरातूनच मिळालाय.

मागच्या महिन्यात तळोद्याला गेले होते. ताईला आठवा महिना लागलेला. आईने तिच्यासाठी कुणाकडून तरी एक ‘अँटी-रेडिएशन पाऊच’ आणलं होतं, बाळाला मोबाइलच्या लहरी लागू नयेत म्हणून. फोन दिवसभर त्यातच. एका दुपारी आशाताई भर उन्हात चालत दारात हजर. "अहो, सकाळपासून तीनदा लावला फोन, लागतच नाही! सोनोग्राफी उद्याची आजच ठेवलीये, चला लवकर."

ताई गेली, तपासणी झाली, सगळं ठीक. पण संध्याकाळी आईने विचारलं, "तू इंजिनिअर ना? मग सांग, ते पाऊच खोटं आहे का?"

मी म्हटलं, "आई, ते खरं आहे. तीच तर अडचण आहे."

कसं ते सांगते.

आपल्याकडे पत्र्याच्या घरात रेंज गेली की आपण अंगणात येतो. धातूमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन असतात. रेडिओ लहर आली की ते हलतात आणि बहुतेक लहर परत फेकतात. यालाच शिल्डिंग म्हणायचं. त्यासाठी जाड पत्राही लागत नाही. १ गिगाहर्ट्झची लहर ॲल्युमिनियममध्ये साधारण तीन मायक्रॉन आत जाईपर्यंतच बरीचशी विरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पोळ्या गुंडाळायची फॉइल याच्या कितीतरी पट जाड असते.

मग भोकं असली तर? भोक लहरीच्या लांबीपेक्षा बरंच लहान असेल, तर लहरीच्या दृष्टीने ती भिंतच. जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि तबकड्या चक्क तारेच्या जाळीच्या! जाळीची भोकं एक-दोन सेंटीमीटरची, आणि पकडायच्या लहरी सुमारे २१ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब. लहर परत फिरते, वारा मात्र आरपार जातो.

लांब फट मात्र घात करते. घरी करून बघा. फोन स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. बऱ्याचदा वाजतो, कारण झाकणाच्या कडेची बारीक फट लांबीला पुरेशी असते. आता तोच फोन फॉइलमध्ये दोनदा नीट गुंडाळा. बहुतेक वेळा ‘संपर्क क्षेत्राबाहेर’!

मग सगळीकडे धातूच का वापरत नाहीत? जड असतो, गंजतो, हवा तसा वळत नाही. प्लॅस्टिक हलकं, पण लहरींना ते काचेसारखं पारदर्शक. म्हणून कंपोझिट. हा शब्द नवा वाटेल, पण सातपुड्यातलं कुडाचं घर बघा. आत बांबू, वरून शेणमातीचा लेप. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आणि भिंत झाली. तसंच प्लॅस्टिकमध्ये किंवा रबरात कार्बन मिसळतात. कार्बन ब्लॅक म्हणजे आपल्या काजळीचीच बहीण. कार्बन फायबर, नॅनोट्यूब, ग्राफिनही वापरतात. थोडा कार्बन टाकला तर फारसा फरक पडत नाही. पण एका प्रमाणानंतर कणांनी जणू हातात हात धरलेले असतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट तयार होते आणि प्लॅस्टिकमधून एकदम वीज वाहायला लागते. अशी पाऊचंही कंपोझिटच असतात: कापडाच्या धाग्यांवर धातूचा पातळ थर.

आता रडारकडे येऊ. तिथे लहर परत फेकली तर काम बिघडतं, कारण परतलेल्या लहरीवरूनच रडारला तुम्ही सापडता. तिथे लहर गिळून तिची उष्णता करावी लागते. कार्बन जास्त झाला, तर मटेरियल धातूसारखं वागतं आणि लहर दारातूनच माघारी जाते. म्हणून तिला हळूहळू आत घ्यावं लागतं. पुण्यात एआरएआयमध्ये गाड्यांची ईएमसी चाचणी होते, म्हणजे गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स एकमेकांना किंवा बाहेरच्या उपकरणांना त्रास देतात का ते बघतात. अशा चाचणीच्या खोलीला बाहेरून धातूचं कवच असतं आणि आतून भिंतींवर कार्बन भरलेल्या फोमचे सुळके. कवच बाहेरच्या लहरी अडवतं, सुळके आतल्या गिळतात. टोकाशी फोम कमी, बुडाशी जास्त, त्यामुळे लहरीला आपण कधी अडकलो तेच कळत नाही.

जहाजात आधी आकार येतो. मुंबईत माझगाव डॉकने बांधलेली ‘आयएनएस निलगिरी’ १५ जानेवारी २०२५ला नौदलात दाखल झाली. स्टेल्थ जहाजांच्या भिंती तिरप्या ठेवतात, म्हणजे लहर भलतीकडेच जाते. उरलेला प्रतिध्वनी कमी करायला शोषणारी मटेरियल्स असतात. नौदलासाठी मटेरियल्सवर काम करणारी डीआरडीओची लॅब आपल्या अंबरनाथलाच आहे. पण जहाज ‘गायब’ वगैरे होत नाही. प्रतिध्वनी १६ पट कमी केला, तरी रडारला दिसण्याचं अंतर फक्त निम्मं होतं. एवढ्या मेहनतीनंतर निम्मं! आणि आपल्याला फोनच्या पाठीवरचा दोन सेंटीमीटरचा स्टिकर ‘९९ टक्के रेडिएशन रोखतो’ म्हणून विकतात.

आईला मी एकच कसोटी सांगितली. फोन लागत असेल, तर लहर येते-जाते आहे. लहर खरंच अडली, तर फोन लागणार नाही. अर्धवट अडली, तर आणखी वाईट, कारण सिग्नल कमी मिळाला की फोन स्वतःची ताकद वाढवतो.

काळजी वाटत असेल तर साधं करा. स्पीकरवर बोला, फोन अंगापासून थोडा लांब ठेवा. अंतर वाढलं की लहरींचा जोर झपाट्याने कमी होतो. भारतात फोनसाठी एसएआरची मर्यादा प्रति किलो १.६ वॅट आहे. बऱ्याच फोनवर *#०७# डायल केलं की तुमच्या मॉडेलचा आकडा दिसतो.

पाऊचमध्ये आता आईचे सुईदोरे असतात. ताईचा फोन खिडकीत असतो, फुल आवाजावर, आणि आशाताईंचा नंबर सगळ्यात वर.

घरी कुणी असा स्टिकर किंवा पाऊच आणलं असेल, तर त्यांना हसू नका. हा एपिसोड ऐकवा आणि एकदा रिंग देऊन बघा. भेटू पुढच्या भागात!